ओजीआर-टू-ओजीआर वापरताना या चुका टाळा

शेपफाइल, जिओजेसन, जिओपॅकेज, सीएसव्ही अशा फॉरमॅटमध्ये नकाशांचा डेटा इकडचा तिकडे नेण्यासाठी जीडॅल या नकाशा-डेटाच्या सॉफ्टवेअरमधील ओजीआर-टू-ओजीआर या कमांडइतके भरवशाचे साधन माझ्या पाहण्यात नाही. तरीही कोणी ना कोणी बिघडलेली फाइल घेऊन येते आणि सॉफ्टवेअरमध्येच बग असल्याचे ठासून सांगते. बहुतेक वेळा बग नसतो. टर्मिनलवर उमटलेला इशारा वाचण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे ए-एसआरएस आणि टी-एसआरएस या दोन पर्यायांची गल्लत. टी-एसआरएस दिल्यावर प्रत्येक बिंदूचे निर्देशांक (जागा सांगणारे आकडे) नव्या निर्देशांक-प्रणालीत खरोखर मोजून बदलले जातात. ए-एसआरएस मात्र आकड्यांना हात न लावता फाइलवर फक्त प्रणालीचे लेबल चिकटवतो. मूळ फाइलसोबत पीआरजे (प्रणाली कोणती ते सांगणारी फाइल) नसेल, तर टी-एसआरएस स्रोताची प्रणाली ठाऊक नसल्याची तक्रार करून थांबतो. ए-एसआरएस निमूटपणे चालतो, म्हणून उतावळ्या माणसाला तोच बरोबर वाटतो.

पूर्व विदर्भातील गावसीमांच्या एका कामात नेमके हेच घडले. सर्वेक्षणाची फाइल पीआरजेशिवाय आली होती आणि ‘महाराष्ट्र म्हणजे यूटीएम ४३’ असे गृहीत धरून एका नवख्या सहकाऱ्याने तिच्यावर ईपीएसजी ३२६४३ चे, म्हणजे झोन ४३ च्या सांकेतिक क्रमांकाचे, लेबल लावले. यूटीएममध्ये पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये मोजतात; झोन ४३ हा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांपुरता असतो. नागपूर ७९ अंशांच्या पुढे, म्हणजे झोन ४४ मध्ये येते. प्रत्येक झोन सहा अंश रुंद आणि आतली आकडेमोड सगळीकडे सारखीच, त्यामुळे नागपूरच्या आसपासची गावे जशीच्या तशी सहा अंश पश्चिमेला सरकली आणि सुरत जिल्ह्यात, बारडोलीच्या परिसरात जाऊन बसली. आकडे मीटरमध्येच राहिल्यामुळे गावांची क्षेत्रफळे अचूक निघत होती आणि तक्त्यांवरून कोणालाच संशय आला नाही. तालुक्यांच्या सीमांशी जुळवणी केल्यावर निकाल रिकामा आला, तेव्हा कुठे बिंग फुटले. आणि त्यावर त्या गृहस्थांनी काय करावे, तर सगळा लेअर माऊसने ओढून जागेवर बसवायला घेतला! मूळ फाइल घेऊन एस-एसआरएसमध्ये (स्रोताची प्रणाली) ३२६४४, म्हणजे झोन ४४, आणि टी-एसआरएसमध्ये ४३२६, म्हणजे अंशांतले अक्षांश-रेखांश, एवढेच लिहायचे होते. माझी सवय अशी आहे की रूपांतराच्या आधी आणि नंतर ओजीआर-इन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या कमांडचा सारांश काढायचा आणि आकृत्यांची संख्या, विस्तार आणि प्रणाली या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. विस्तारात ३००००० च्या घरातले आकडे असतील आणि लेबल ४३२६ चे असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण रेखांश १८० च्या पलीकडे जात नाहीत.

मराठी मजकुराचे हाल शेपफाइलमध्ये होतात. एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) सांगितले नाही तर ही कमांड डीबीएफ, म्हणजे शेपफाइलमधील तक्त्याची फाइल, लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या एन्कोडिंगमध्ये लिहिते, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. इशारा येतो, पण एकदाच, आणि ‘हा इशारा पुन्हा दिला जाणार नाही’ असे तोच सांगतो. हजारो ओळींची नावे मात्र बिघडलेली असतात. एलसीओ या लेअर बनवतानाच्या सूचनांच्या पर्यायात एन्कोडिंग यूटीएफ-८ असे द्यावे. तरीही मजकुराच्या रकान्याला २५४ बाइटांचीच मर्यादा राहते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसत असला, तरी त्यात सात चिन्हे आणि २१ बाइट आहेत, त्यामुळे शेऱ्याच्या रकान्यातील लांब वाक्ये मध्येच तुटतात. रकान्यांची नावेही दहा अक्षरांत कापली जातात. पॉप्युलेशन २००१ आणि पॉप्युलेशन २०११ असे दोन इंग्रजी रकाने असतील, तर दोघांची वर्षे गळून पडतात आणि दुसऱ्याच्या शेपटीला नुसता एक आकडा लागतो. समोरच्याने हट्ट धरल्याखेरीज मी शेपफाइल बनवतच नाही. जिओपॅकेज ही एकच फाइल असते आणि हे दोन्ही प्रश्न तिथे उद्भवत नाहीत.

किरकोळ चुकाही सांगून टाकतो. या कमांडमध्ये आधी लक्ष्य फाइल आणि मग स्रोत फाइल लिहायची असते, कॉपीच्या कमांडच्या अगदी उलट. शेपफाइल हा फाइलींचा संच असतो, तो पाठवताना फक्त एसएचपी (आकृत्यांची फाइल) पाठवू नये. एसएचएक्स (आकृत्यांची सूची), डीबीएफ आणि पीआरजे सोबत हवेतच. पॉलिगॉन (एकसंध क्षेत्र) आणि मल्टिपॉलिगॉन (अनेक तुकड्यांचे क्षेत्र) मिसळल्याची तक्रार आली, तर एनएलटी या आकृतीचा प्रकार ठरवणाऱ्या पर्यायात प्रमोट-टू-मल्टी द्यावे. स्किप-फेल्युअर्स हा पर्याय तर मला बघवत नाही: चूक दिसली की तो लावायचा, कमांड पूर्ण होते, आणि ज्या आकृत्या अडत होत्या त्या वगळल्या जातात.

शेवटची चूक कमांडच्या बाहेरची आहे. गट नंबर असलेली सीएसव्ही रूपांतराआधी ‘जरा बघून घेतो’ म्हणून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, की १२/१ चे १२-जानेवारी होते. कमांडचा यात दोष नसतो, कारण सीएसव्हीचे रकाने ती स्वतःहून मजकूर म्हणूनच वाचते. बघायचेच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघावे, नाहीतर आयात करताना तो रकाना मजकूर म्हणून निवडावा. नंतर दुरुस्ती करायला बसले, तर त्या संगणकावर तारखेची मांडणी भारतीय होती की अमेरिकी यावर मूळ गट १२/१ होता की १/१२ हे ठरते, आणि फाइल पाठवणाऱ्याला ते सहसा सांगता येत नाही.