जलपर्णीनं मशीन तापलं तेव्हा

नृसिंहवाडीच्या संगमाच्या थोडं वर, पंचगंगेत जाळी टाकून मशीनच्या होडीनं परतत होतो. कडेनं जलपर्णीचा गालिचा. तेवढ्यात पुतण्या ओरडला, "काका, पाणी पडंना झालंय, मशीन बंद करा!"

होडीच्या मागं लावलेल्या मशीनच्या (आउटबोर्ड इंजिनाच्या) मागून पाण्याची बारीक पिचकारी सतत पडायला हवी. ती थांबली म्हणजे इंजिनाला थंडावा मिळत नाही. पोराचं लक्ष होतं म्हणून इंजिन वाचलं, नाहीतर पिस्टन जाम झाला असता.

मशीन बंद करून वर उचललं. पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीदार तोंडात जलपर्णीची काळी, केसासारखी मुळं गच्च बसलेली. ती बोटांनी ओढून काढली, पिचकारीच्या भोकात तार घातली. अर्धा तास थांबून पुन्हा चालू केलं, तरी धार बारीकच. मग वल्ही मारत घाट गाठला.

घरी खालचा गियरचा भाग उतरवला. आत रबरी इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारं पात्यांचं चाक. त्याची दोन पाती तुटलेली, बाकीची कडक होऊन वाकलेली. पाण्यानंच त्याला वंगण मिळतं, कोरडं फिरलं की रबर जळतं. तुटलेले तुकडे मात्र शोधून काढा, ते वरच्या नळीत अडकतात. मला एक तिथंच सापडला.

नवीन इंपेलर ग्रीस लावून, शाफ्ट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत बसवला. पिंपात मशीन बुडवून सुरू केलं आणि जाड धार पडली. आता जलपर्णी दिसली की मी मशीन बंद करून वल्हीच घेतो.