डॉक्टर की कॉम्प्युटर? आधी कंटाळा तपासा

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. थोरली बारावीला होती तेव्हा जेवायला बसलं की तोच विषय निघायचा. तिचे बाबा म्हणायचे डॉक्टर, माझे दीर पुण्यात आयटीत, ते म्हणायचे कॉम्प्युटर. पोरगी सकाळी एक बोलायची, रात्री दुसरं.

अकरावीत असाल तर गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवा. पण दोन्हीची तयारी सारख्या जोराने होईल या भ्रमात राहू नका. मेडिकलची प्रवेश परीक्षा म्हणजे नीट, तिच्या ७२० गुणांत ३६० बायोलॉजीचे. इंजिनिअरिंगसाठी राज्याची सीईटी, तिच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपला २०० पैकी १०० गणिताचे. म्हणजे दोन्हीकडचे अर्धे गुण दुसरीकडे कामाचे नाहीत. शिवाय नीटला चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, सीईटीला जात नाही. आम्ही दिवाळीपर्यंत दोन्ही ओढलं आणि मग नीट पुढे, सीईटी मागे असं ठरवलं. खरं तर हे गणपतीतच ठरवायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. "आवड कशात आहे?" असं मुलांना विचारू नका. सतरा वर्षांच्या पोरांना पांढरा कोट आवडतो आणि लॅपटॉपही आवडतो. कंटाळा कुठला सोसवतो ते बघा. मी वैद्यकीय अधीक्षकांना विचारून तिला तीन दिवस ओपीडीच्या हॉलमध्ये बसवलं. रक्त बघून ती घाबरेल असं वाटलं होतं. कसली घाबरते! तिला नको झालं ते वेगळंच: एकच प्रश्न चाळीस लोकांना विचारायचा, पुन्हा नातेवाइकांचा आरडाओरडा ऐकून आवाज खाली ठेवायचा. आमचं निम्मं काम तेच असतं. मग दिरांच्या जुन्या लॅपटॉपवर तिला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लावलं. एकदा एका कंसापायी चार तास अडली, आमटी गार झाली तरी उठली नाही. चिडली होती, पण उठली नाही. मी ते मनात नोंदवून ठेवलं. तुमच्याकडे उलटंही होईल. ओळखीतला दवाखाना, मेडिकल स्टोअर, पॅथॉलॉजी लॅब, कुठेही बसवा, पण एका दिवसावर निकाल लावू नका.

वर्षांचा हिशेबही मुलासमोर मांडा. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. सरकारी कॉलेजातून झालात तर वर्षभर बंधपत्रित सेवा, म्हणजे बाँडप्रमाणे सरकारी नोकरी. मग एमडी-एमएसला तीन, तेही नीट पीजीत नंबर लागला तर. इंजिनिअरिंग चार वर्षांत संपतं, पण तिथे शिकलेलं लवकर जुनं होतं आणि नोकरीची खात्री कुणी लिहून देत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा स्वागतकक्षात थांबू नका. मेडिकल कॉलेज असेल तर कामाच्या दिवशी अकरा वाजता केस पेपरच्या खिडकीसमोर उभं राहा. रांग नसेल तर पोरं शिकणार कुणावर? वॉर्डात खाटा आहेत एवढ्यावर जाऊ नका, खाटेवर माणूस आहे का ते बघा. आम्ही एका ठिकाणी गेलो तर चादरींच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. परत येताना एसटीत मी एवढंच म्हटलं, "इथे नको."

इंजिनिअरिंगला सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नका, फ्लेक्सवर तेच असतं. वर्गातली सगळी पोरं पगाराच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधल्याला किती मिळाले, ते विचारा. शाखेच्या नावात एआय आहे म्हणून हुरळू नका. तिसऱ्या वर्षाची मुलं कँटीनला गाठा, स्वतः काय बनवलं ते विचारा, आणि शिकवणारे मास्तर दरवर्षी बदलतात का तेही.

पैशांचं एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्यात पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. हॉस्टेल आणि मेस आपल्याच खिशातून. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाइल एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

नीटला तिला सरकारी जागा मिळेल एवढे गुण पडले नाहीत. खासगीसाठी बाबा गावाकडचं रान विकायला निघाले होते. तेव्हा मी ओपीडीचे तीन दिवस आणि गार आमटी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. दोन दिवस बोलले नाहीत, मग कॅपचा पसंतीक्रम भरायला स्वतःच शेजारी बसले. ती आता कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

शेवटचं, कागदांचं. मूळ कागदपत्रं एका कॉलेजात अडकली की दुसरीकडे धावपळ होते, आणि मेडिकलच्या फेऱ्या बऱ्याचदा उशिरापर्यंत चालतात. म्हणून इंजिनिअरिंगची फी भरण्याआधी प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख लिहून घ्या. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर थोडी रक्कम कापून फी परत मिळते. आमच्या फ्रिजवर ती तारीख लाल पेनाने लिहून चिकटवली होती.