दुभत्या शेळ्यांचं सामान : कोकणात या चुका टाळा

कोकणात शेळीच्या सामानाची परीक्षा मृगात होते. मे महिन्यात ठणठणीत दिसणारा गोठा पहिल्या आठ दिवसांच्या पावसात आपले सगळे दोष दाखवतो.

सर्वात मोठी चूक म्हणजे घंटा, पट्टे, बाटल्या यांवर पैसे घालवून शेळी मातीवर बांधणं. लेंड्या-मुताच्या ओलीत खूर सडतात, सर्दी-खोकला धरतो, कास बिघडते. म्हणून पहिलं सामान मचाण. जमिनीपासून तीनेक फूट उंच ठेवा, म्हणजे खाली झाडू घालता येतो. पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या चालतात. फट साधारण दीड सेंटिमीटर पुरे. लेंड्या झरझर पडाव्यात म्हणून आम्ही ती जास्त ठेवली आणि करडाचा पाय अडकला. सुदैवाने मोडला नाही. मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट जागा धरा.

झड येते म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री ठोकणं ही दुसरी चूक. सकाळी आत गेल्यावर डोळे चुरचुरले, तर तो मुताचा वायू आहे आणि शेळी रात्रभर तोच हुंगत बसलेली असते. झडीची बाजू झापांनी (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी) बंद करा, वरचा भाग वाऱ्याला मोकळा सोडा. मचाणावर लांब दावं तर नकोच. शेळी कठड्यावरून उडी मारते आणि गळ्याला फास बसतो.

चारा टाकून देते, खात नाही? बहुतेक वेळा तो पायाखाली आलेला असतो. गव्हाण तिच्या छातीच्या उंचीला लावा, नाहीतर फणसाच्या डहाळ्या सरळ उलट्या टांगा. पावसात भिजलेला कोवळा पाला उपाशी पोटी घातला तर पोट फुगतं. आधी थोडा सुका पेंढा द्या. पेंडीचं पोतं भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते. झाकणाचं पिंप, खाली फळी, आणि खरेदी पंधरा दिवसांपुरतीच. बुरशीचा वास आलेली पेंड टाकून द्यायची, उन्हात वाळवून खपवायची नाही.

दुधाला वास येतो अशी तक्रार असेल तर शेळीला बोल लावण्याआधी तीन गोष्टी बघा : बोकड जवळ बांधलाय का, भांडं प्लॅस्टिकचं आहे का, दूध मचाणावरच काढताय का. स्टीलचं बुटकं, रुंद तोंडाचं पातेलं घ्या, कारण शेळीची कास खाली असते. मान अडकवायची सोय असलेला छोटा लाकडी चौथरा बाहेर पडवीत ठेवा, पाठही वाचते. पहिल्या दोन धारा वाटीवर ताणलेल्या काळ्या फडक्यावर काढा. गुठळ्या दिसल्या तर कासदाह समजा, ते दूध वेगळं टाका आणि डॉक्टरांना बोलवा. चांगलं दूधसुद्धा उकळूनच प्यायचं.

लाकडावर खूर झिजत नाहीत. अंगणात चारपाच जांभ्याचे चिरे पायऱ्यांसारखे रचा, शेळ्या खेळता खेळता काम करतात. उरलेलं दीड-दोन महिन्यांनी कापायचं. कलमांचं सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) चालतं, पण ते शेळ्यांसाठी वेगळं ठेवा.

आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची) लस पावसाआधी, मे महिन्यात. आणि दाराला साधी कडी नको. शेळी ती तोंडाने उघडते, आणि रानालगतच्या वाडीत बिबट्या असतोच. आडणा (दाराचा आडवा दांडा) बाहेरून घाला.