लिनक्स डिस्ट्रो निवडायची? आधी सगळ्या एकाच पेनड्राइव्हवरून तपासा

दोन-तीन डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांमध्ये) निवड अडली की प्रत्येकीसाठी पेनड्राइव्ह पुन्हा लिहिण्यात वेळ जातो. त्याऐवजी व्हेंटॉय वापरा; हे साधन एकाच पेनड्राइव्हवरून अनेक डिस्ट्रो बूट करू देतं.

१. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय बसवा. त्यावरचा सगळा डेटा पुसला जातो, म्हणून डिस्कचं नाव दोनदा पाहा.

२. फेडोरा, डेबियन, ओपनसूसे टम्बलवीड, जी हवी तिची लाइव्ह आयएसओ फाइल (इन्स्टॉल न करता चालवून पाहता येणारी डिस्ट्रोची प्रत) नुसती कॉपी करा. पेनड्राइव्ह पुन्हा फ्लॅश करायची (नव्याने लिहायची) गरज नाही. कॉपी झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच काढा, नाहीतर फाइल अर्धवट राहते आणि बूट मध्येच अडकतं.

३. प्रत्येक लाइव्ह सत्रात त्याच चाचण्या त्याच क्रमाने घ्या: वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोफोन, बाहेरचा मॉनिटर. सगळ्यात महत्त्वाची चाचणी सस्पेंडची, म्हणजे लॅपटॉप झोपवून परत जागा करण्याची. लॅपटॉप झाकून दहा मिनिटांनी उघडा. पडदा आणि वायफाय दोन्ही परत आले पाहिजेत. बिनसलं तर जर्नलसीटीएलमधला (सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमधला) मजकूर आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती टिपून ठेवा. नव्या हार्डवेअरवर खरा फरक बहुतेकदा कर्नल आणि फर्मवेअरचाच (हार्डवेअर चालवणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरचाच) असतो, डेस्कटॉपचा नाही. टम्बलवीडमध्ये कर्नल नवा असतो; डेबियन स्टेबलमध्ये अडलेलं वायफाय तिथे अनेकदा चालतं ते यामुळेच.

सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू असेल तर पहिल्या बूटला व्हेंटॉयची ‘की’ (डिजिटल किल्ली) नोंदवावी लागते.

सावधान: एनव्हिडिया कार्ड असेल तर लाइव्ह सत्रावरून ग्राफिक्सचा निकाल लावू नका. तिथे बहुधा नूवो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर चालतो. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर इन्स्टॉल केल्यावर, विशेषतः सस्पेंडमध्ये, वागणूक वेगळी असू शकते.