बॅरल बदलण्याआधी: शिकारी रायफलचा नेम का बिघडला, हे घरच्या घरी कसं शोधावं

गोळ्या विखरायला लागल्या की पहिला संशय बॅरलवर जातो. पण बॅरल बदलणं हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात शेवटचा उपाय आहे. बरेचदा खरा दोष एखाद्या सैल स्क्रूमध्ये किंवा गोळ्यांमुळे बॅरलमध्ये साचलेल्या तांब्यात असतो. तो शोधायला घरचं टेबल, चांगला उजेड आणि थोडा धीर पुरतो.

रायफल टेबलावर घेण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडा, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून चाचपडा. काडतुसं त्या खोलीत ठेवूच नका. रायफल रिकामी आहे हे कालच पाहिलं होतं, म्हणून आज चालेल, असं कधीही करू नका.

आता सुरुवात स्क्रूंपासून. स्कोपच्या रिंगा आणि त्यांखालचा बेस हाताने हलवून बघा, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच कसणाऱ्या पान्याने) निर्मात्याने दिलेल्या मापाला कसा. रिंगेच्या कडेला स्कोपच्या नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा. दहा-पंधरा गोळ्यांनंतर रेघ रिंगेपासून सरकलेली दिसली, तर स्कोप धक्क्याने घसरतोय आणि बॅरल बहुधा निर्दोष आहे. कुंद्याला (रायफलच्या दस्त्याला) ॲक्शन, म्हणजे बोल्ट सामावणारा धातूचा मधला भाग, धरून ठेवणारे स्क्रूही असेच तपासा. त्यांतला पुढचा स्क्रू हळूहळू सैल करताना बॅरल आणि कुंद्याच्या फटीवर बोट ठेवा. बोटाला स्पष्ट हालचाल जाणवली, तर ॲक्शन कुंद्यात सरळ बसलेली नाही, ताणाखाली आहे. अशा वेळी बेडिंग, म्हणजे कुंद्यातली ॲक्शनची बैठक, दुरुस्त करावी लागते.

बॅरल कुंद्याला न टेकणारी, म्हणजे फ्री-फ्लोट असेल, तर कागदाची पट्टी बॅरलखाली घालून मागे ॲक्शनपर्यंत सरकवा. मध्येच अडकली तर तिथे लाकूड बॅरलला टेकतंय. लाकडी कुंदा दमट हवेत फुगतो, त्यामुळे उन्हाळ्यात मोकळी असलेली फट पावसाळ्यात बंद होऊ शकते. काही रायफलींमध्ये मात्र पुढच्या टोकाला मुद्दाम दाब ठेवलेला असतो, तेव्हा लाकूड घासण्याआधी आपल्या मॉडेलची रचना माहीत करून घ्या.

पुढची पायरी सफाईची, आणि इथे घाई करू नका. सफाईचा रॉड नेहमी मागून, बोअर गाइडमधून (रॉड सरळ ठेवणाऱ्या नळीतून) घाला. पुढून घातलेला रॉड बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, हळूहळू झिजवतो. आधी कार्बन काढा, मग तांब्याचं सॉल्व्हंट लावून बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा. पॅच (रॉडवर लावून फिरवायचा कापडाचा तुकडा) निळा-हिरवा आला तर तांबं निघतंय. पण ब्रश ब्राँझचा किंवा जॅग (पॅच धरणारं रॉडचं टोक) पितळी असेल, तर सॉल्व्हंट त्यालाही खातं आणि स्वच्छ बॅरलमधूनही पॅच निळाच येतो. असे अनेक जण तासन् तास घासत बसतात. नायलॉनचा ब्रश आणि पितळी नसलेला जॅग वापरला की हा घोळ होत नाही. शेवटी कोरडे पॅच फिरवून बॅरल मोकळी आहे याची खात्री करा. रेंजवर गेल्यावर सफाईनंतरच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या हिशेबात धरू नका, त्या बहुधा वेगळ्या जागी लागतात.

बॅरलचं तोंड भिंगाखाली बघा. गोळी बॅरलला शेवटची जिथे शिवते ती हीच कड. कानात घालायची कापसाची काडी आतून बाहेर, कडेवरून सगळीकडे फिरवा. एखाद्या ठिकाणी तंतू अडकला तर तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक खडबडीत काटा, आहे. तोंडावरचे काजळीचे पट्टे सगळीकडे सारखे असावेत. एका बाजूला काळपट, दुसरीकडे पुसट असतील, तर वायू एका अंगाने आधी सुटतोय. क्राउन पुन्हा कापून घेणं हे गनस्मिथचं छोटंसं काम आहे, नव्या बॅरलच्या मानाने फारच स्वस्त.

आता मोजमाप. एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं, भक्कम टेकू, 100 मीटर अंतर. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांच्या झुबक्यावर, विश्वास ठेवू नका, नशिबाने जवळ पडतात. पाच-पाच गोळ्यांचे किमान चार ग्रुप घ्या, आणि प्रत्येक ग्रुपनंतर बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबा. 1 एमओए (मिनिट ऑफ अँगल, विखुरणं मोजायचं कोनाचं माप) म्हणजे 100 मीटरवर साधारण 29 मिलिमीटर. शिकारी रायफलीने 45 मिलिमीटरच्या आत गोळ्या टाकल्या, तर माझ्या मते तक्रारीला जागा नाही. मग दोन-तीन वेगळ्या वजनाच्या गोळ्या वापरून हेच पुन्हा करा. टार्गेटवर भोकं गोल न पडता लांबट पडली, तर गोळी डगमगत, आडवी होत जातेय. बहुतेक वेळा बॅरलच्या ट्विस्टला (आतल्या खाचांच्या पिळाला) त्या लांबीची गोळी झेपत नाही, असा याचा अर्थ.

एवढं सगळं करूनही ग्रुप मोठेच राहिले, तर बोअरस्कोपने (बॅरलच्या आत बघायच्या बारीक कॅमेऱ्याने) चेंबरच्या पुढचा भाग पाहा. तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा भेगांचं जाळं तिथे दिसलं आणि खाचांच्या कडा बोथट झालेल्या असल्या, तर थ्रोट, म्हणजे हाच भाग, जळाली आहे. थोड्याफार भेगा वापरलेल्या बॅरलमध्ये असतातच, म्हणून निकाल डोळ्यांवर नाही, ग्रुपवर द्या.

मग बॅरल बदला, पण ते काम गनस्मिथकडे सोपवा. नवी बॅरल बसवताना बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे हेडस्पेस, गेजने तपासावं लागतं. ते जास्त राहिलं तर काडतुसाचं कवच फाटून तप्त वायू थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. शिवाय अनेक देशांत बॅरल हा परवान्याखाली येणारा भाग आहे, त्यामुळे खरेदीआधी तिथला कायदा बघा. गनस्मिथकडे जाताना ते चारही टार्गेट, काडतुसांचा लॉट नंबर आणि आजवर झाडलेल्या गोळ्यांचा अंदाज सोबत न्या.