फोर-बार लिंकेज असेंब्लीत नीट हलवायचं असेल तर मेट लावण्याआधी हे करा

सॉलिडवर्क्ससारख्या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोर-बार लिंकेजची (चार लिंक म्हणजे दांड्या, चार पिनांनी जोडलेल्या) असेंब्ली करताना दोनच रडगाणी असतात, एकतर लिंक ओढली की कुठेही भरकटते नाहीतर सगळं जाम होऊन मेट (पार्ट एकमेकांना जोडणाऱ्या अटी) एरर देऊन लाल होतात. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच, किती हालचाल शिल्लक ठेवायची हे मोजलेलंच नसतं.

म्हणून माऊसला हात लावण्याआधी कागदावर मोजा. एकूण लिंक्समधून 1 वजा करा, 3 ने गुणा, त्यातून सांध्यांची (म्हणजे पिनांची) दुप्पट वजा करा. फोर-बारमध्ये लिंक 4 (फ्रेम म्हणजे न हलणारा भागपण लिंकच धरायची, ती बरेच जण विसरतात) आणि पिना 4, म्हणजे 9 वजा 8, उरला 1. क्रँक (आपण फिरवतो ती लिंक) फिरवला की बाकी सगळं, म्हणजे मधला कपलर आणि पुढेमागे झुलणारा रॉकर, आपोआप ठरलं पाहिजे, त्याहून जास्त मोकळीक नको आणि कमी पण नको.

आता सॉलिडवर्क्समध्ये बघू. फ्रेम पहिली टाका, ती फिक्स राहू द्या. मग क्रँक-फ्रेम, क्रँक-कपलर आणि रॉकर-फ्रेम या तीन ठिकाणी हिंज मेट, त्यात कॉन्सेंट्रिक (दोन भोकांचा अक्ष एकच) आणि कोइन्सिडंट (फेसला फेस टेकलेला) दोन्ही एकाच मेटमध्ये येतात. आणि चौथी पिन, कपलर-रॉकरची, तिथे फक्त कॉन्सेंट्रिक लावा, फेसला फेस चिकटवू नका!! कारण बाकीच्या तीन पिनांनी कपलर आणि रॉकर कुठल्या प्लेनमध्ये आहेत हे आधीच ठरवलंय, आणि वॉशरची जाडी किंवा लिंकची जाडी 0.1 मिमीने जरी इकडेतिकडे असली तरी तो शेवटचा कोइन्सिडंट भांडायला लागतो आणि असेंब्ली ओव्हरडिफाइन होते (गरजेपेक्षा जास्त अटी होतात), मग माणूस भलतीच मेट उडवत बसतो.

चेक कसं करायचं, तर एक उदाहरण घ्या: फ्रेम 100, क्रँक 30, कपलर 90, रॉकर 70 मिमी. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी लिंक मिळून 130, उरलेल्या दोन मिळून 160. पहिली बेरीज कमी आहे आणि लहान लिंक हीच क्रँक आहे, म्हणून क्रँक पूर्ण गोल फिरणार. रॉकर फ्रेमच्या रेषेपासून साधारण 36 ते 88 अंशात झुलतो, म्हणजे जवळपास 52 अंश. मॉडेलमध्ये मेझर करून हेच आकडे आले तर मेट बरोबर आहेत. आता क्रँक 65 करून बघा, 65 अधिक 100 म्हणजे 165, समोर 160, क्रँक मध्येच अडकणार. इथे मेट शोधत बसू नका, लांबीच चुकलीये.

यावरूनच लिमिटचं सांगतो. रॉकर 52 अंशच झुलतो म्हणून त्याच्यावर लिमिट अँगल (कोनाची मर्यादा घालणारी मेट) लावायची काहीच गरज नाही, ते लांब्यांनीच ठरवलंय, वरून लिमिट टाकली आणि उद्या लांबी बदलली की ती खोटी मर्यादा तशीच राहते. लिमिट मेट तिथेच लावा जिथे खरोखर स्टॉपर आहे, हँडल, झाकण, सिलिंडरचा स्ट्रोक वगैरे. आणि पार्ट एकमेकांवर आपटतात का हे बघायला लिमिट नको, मूव्ह कंपोनंटमध्ये कोलिजन डिटेक्शन चालू करून क्रँक हळूहळू ओढा, झटक्यात ओढलं तर कपलर उलट्या बाजूला पलटी खाऊ शकतो.

क्रँक एका पोझिशनला धरून ड्रॉइंग काढायचं असेल तर अँगल मेट टाका, पण मोशन स्टडीत (हालचाल चालवून बघण्याच्या सोयीत) मोटर लावण्याआधी ती सप्रेस म्हणजे तात्पुरती बंद करा, नाहीतर मोटर फिरवायला बघणार आणि मेट धरून ठेवणार.

सॉलिडवर्क्सचं लायसन्स नसेल तर फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरच्या 1.0 मध्ये (2024 ला आलं) असेंब्ली वर्कबेंच आतच आहे, रिव्हॉल्युट जॉइंट (पिनेसारखा फिरता सांधा), अँगलची लिमिट सगळं मिळतं, मोजायची पद्धत हीच.

आणि हो, सगळी लिंकेज सबअसेंब्लीत करून मोठ्या मशीनमध्ये टाकली आणि हलतच नाहीये, तर घाबरू नका, सबअसेंब्ली मुळातच रिजिड (आतून न हलणारी) म्हणून येते. राइट क्लिक करून फ्लेक्झिबल करा.