फायबरची टू-सीटर खानदेशात कशी सांभाळावी, कशी चालवावी

जळगाव-धुळ्याकडे कोणी दोन दारांची, टप उघडणारी गाडी घ्यायची म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. पार्ट मिळणार नाहीत, उन्हात फायबर वितळेल, स्पीडब्रेकरवर तळ घासेल. पार्ट मिळतात, फायबर वितळत नाही आणि स्पीडब्रेकर तिरका घेतला की बहुतेक वेळा निभावतं. जी गोष्ट खरंच रडवते तिचं नाव कोणी घेत नाही. ती म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीकडे परत जायची वाट.

मी बोलतोय ते सॅन स्टॉर्मबद्दल. गोव्यात बनलेली, १९९८ मध्ये आलेली, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १,१४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. पण फायबरची कुठलीही गाडी दारात असेल तर पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

कागद

आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडा. गोव्याची पासिंग असेल तर तिथली एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. जळगावचं एमएच-१९ असो, धुळ्याचं १८ असो की नंदुरबारचं ३९, त्याशिवाय काम पुढे सरकत नाही. १५ वर्षं झालेल्या गाडीचं फिटनेस करून रजिस्ट्रेशन ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. 'व्हिंटेजमध्ये टाकू' असं सांगणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. त्याला गाडी ५० वर्षांची लागते.

पार्ट

काउंटरवर गाडीचं नाव सांगितलंत की 'नाही मिळणार' हेच उत्तर येणार. नाव सांगूच नका. बेअरिंग आणि ऑइल सीलवर नंबर कोरलेला असतो, तो पुसून वाचा आणि तोच मागा. इंजिनाचा कोड डी७एफ आहे. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये होतं, म्हणून ऑनलाइन शोधताना हा कोड टाका. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वयावर बदला. जुन्या मालकाने बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरा.

अर्थिंग

पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच बॅटरीची मायनस वायर असते. बल्ब कुठेही बसवा, करंट पत्र्यातून परत जातो. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंख्याला स्वतःची काळी वायर लागते आणि ती थेट चासीच्या लोखंडापर्यंत पोचावी लागते. नव्या गाडीत ती नीट असते. पण पंचवीस वर्षांत कोणी टेप बसवलेला असतो, कोणी फॉग लॅम्प, आणि प्रत्येकाने आपली काळी वायर दुसऱ्याच्या काळ्या वायरला पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेली असते. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि तांबं हिरवं पडतं.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलतो. मेकॅनिक बल्ब बदलतो, फ्लॅशर बदलतो, शेवटी अल्टरनेटरवर येतो. माझी गाडी मे महिन्यात रेल्वे फाटकावर उभी राहिली की तापायची. थर्मोस्टॅट बदलून झाला, रेडिएटर साफ झाला, पंख्याची मोटरही नवी आली. शेवटी सापडलं काय, तर पंख्याची काळी वायर रंग दिलेल्या पट्टीवर कसलेली होती. पंखा फिरत होता, पण अर्ध्या जोराने. ४५ डिग्रीत अर्धा पंखा म्हणजे नसल्यातच जमा.

तपासायचं मल्टिमीटरने, आणि वायर जोडलेली आहे का एवढंच सांगणारी 'बीप' लावून अजिबात नाही. इलेक्ट्रिशियन तेच करतात आणि फसतात. वायरचा एकच धागा शाबूत असला तरी बीप वाजते, पण पंख्याचा करंट त्या एका धाग्यातून जात नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावरच लावा, क्लॅम्पवर नाही. लाल पिन दिव्याच्या काळ्या वायरवर लावा आणि दिवा चालू करा. बंद दिव्यावर आकडा शून्यच येणार, त्यावर खूश होऊ नका. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तो सांधा खराब.

दुरुस्तीला आधी मायनस टर्मिनल काढा. बॅटरी ते चासी आणि इंजिन ते चासी या दोन जाड पट्ट्या नव्या टाका. इंजिनाची पट्टी तुटलेली असली की स्टार्टरचा करंट वाट मिळेल तिकडून जातो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर कारण हेच. मग पुढे एक आणि मागे एक अशी पितळी पट्टी चासीला बोल्टने कसा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दात्याचा वॉशर घाला, कसल्यावर वरून व्हॅसलीन लावा. प्रत्येक दिव्याची काळी वायर पट्टीवर वेगळी आणा, पंख्याची ४ स्क्वेअर एमएमची. पीळ मारून जोड नको, वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून घ्या. 'बॉडीला स्क्रू मारून देतो' असं म्हणणाऱ्याकडून गाडी तिथल्या तिथे परत घ्या.

पैसे हातात आले की लोक आधी रंग काढतात, मग सीट कव्हर. मी म्हणेन आधी हे करा.

फायबरची चीर

डेंटरकडे नेऊ नका. त्याच्या हातोडीला इथे काम नाही. टाक्या किंवा मूर्ती बनवणारा फायबरवाला गाठा. काम पहाटे करून घ्या, कारण उन्हाळ्यात दुपारी रेझिन मिसळता मिसळता डब्यातच घट्ट होतं. ते घट्ट करणारं हार्डनरही थोडं कमीच घाला.

टप

पुसून, पूर्ण सुकल्यावरच दुमडा. मागची प्लॅस्टिकची काच डिसेंबरच्या सकाळी कडक असते, तेव्हा ती दुमडू नका. ऊन लागू द्या.

कुठे आणि कधी

दिवाळी ते होळी, सकाळी. एप्रिल-मे मध्ये टप उघडा ठेवणं हा शौक नाही, शिक्षा आहे. शहाद्याहून तोरणमाळ किंवा रावेरहून पाल, हे दोन रस्ते अशा गाडीसाठीच. रावेर, सावदा, फैजपूर, यावल हा केळीचा पट्टाही छान, फक्त केळीच्या ट्रकमागे राहू नका. पानं उडून थेट मांडीवर येतात. कापसाच्या हंगामात संध्याकाळी बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात, आणि आपण बसलेलो असतो त्यांच्या चाकाच्या उंचीवर. अंधाराआधी घर गाठा.

थांबलात की गर्दी होणार. "कितीले घेतली भाऊ?" हे विचारणारच. सांगून टाका. फोटोलाही नाही म्हणू नका, पण बोनेटवर कोणाला टेकू देऊ नका. पत्रा दबतो तसं फायबर दबत नाही, त्याला आतून चीर जाते आणि ती महिन्याने वर दिसते. हौशी माणसाला सरळ सीटवर बसवा, स्टेअरिंग हातात द्या. चावी मात्र तुमच्या खिशात.